घरजावयाचं नाणं

आमच्या सोसायटीतले काका कुठलीही गोल वस्तू कडेनं धरत. बिस्किट असो की औषधाची गोळी, चिमटीत कडा पकडूनच उचलणार. कुणी हसलं की म्हणत, "तोंडावर बोट ठेवायचं नाय. राजाचा अपमान होतो." बिस्किटावर कुठला राजा, हे विचारायची आमची टाप नव्हती.

ते जहाजावर फिटर होते. तरुणपणी एकदा जहाज तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याला लागलं, पाण्यात उभा असलेला एक किल्ला दिसला, आणि तो कुणाचा ही चौकशी त्यांनी पुढं जन्मभर केली, त्या राज्याची जुनी नाणी जमवत. मध्ययुगात आपला डोंगराळ मुलूख सोडून आलेल्या आर्मेनियन लोकांनी तिथं राज्य उभं केलं होतं. नेरूळमध्ये हे कुणाला कळायची गरज नव्हती, पण काकांपुढं कुणाचं चालतंय! एका बाजूला आर्मेनियन अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या सुलतानाचं नाव अरबीत, अशा नाण्याचा दाखला देऊन त्यांनी दोन विंगांचं पार्किंगचं भांडण मिटवलं. शेजाऱ्याचं नाव घातल्यानं कुणी लहान होत नाही, म्हणाले. ते राज्य तेव्हा त्या सुलतानाचं मांडलिक होतं, हे त्यांनी मीटिंग संपल्यावर सांगितलं.

त्यांचा जीव मात्र एकाच नाण्यात होता. मुंबईच्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात मिळालेलं, तेराव्या शतकातलं, चांदीचं. राजा हेतूम आणि राणी झाबेल शेजारीशेजारी उभे, मध्ये एकच क्रूस, आणि दोघांचे हात त्यावर. "राज्य तिचं हाय, बापाकडून आलेलं. हा घरजावई," असं सांगून ते स्वतःच्या छातीवर हात ठेवत. काका उरणहून घरजावई म्हणून आलेले. जमीन काकूंच्या वडिलांची, आमची बिल्डिंगही तिच्यावरच. गावात पूर्वी त्यावरून टोमणे बसत. हे नाणं घरात आल्यापासून काका स्वतःच ती गोष्ट आधी सांगून टाकू लागले.

नाण्यावर काळा थर होता. तो घासला की नाण्याचं वय गेलं, असं ते बजावत. नाणी चकचकीत करणाऱ्या एका संग्राहकाशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं.

एका दिवाळीत वाशीच्या प्रदर्शनात ते नाणं पहिल्यांदा लोकांसमोर मांडायचं ठरलं. चार दिवस आधी लक्ष्मीपूजन आलं. आम्ही दर्शनाला गेलो तर ताटात घरातली सगळी चांदी, आणि मधोमध ते नाणं, लख्ख! काकूंनी दरवर्षीप्रमाणे चिंच लावून सगळं घासलं होतं. कपाटातलं हेही दिसलं, तर देवापुढं कालं नानं कसं ठेवाचं, म्हणाल्या.

मुलगा पुटपुटला, "आई, बाबांचं प्रदर्शन गेलं." काकूंचा कुंकवाचा हात थांबला. मला नाण्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. भरल्या घरात आता नवरा काय बोलतो, याकडे त्या बघत राहिल्या.

काकांनी नाणं उचललं, ट्यूबलाइटखाली नेलं, बराच वेळ पाहिलं. मग ताटात परत ठेवलं. "झाबेलचं तोंड आज नीट दिसलं," म्हणाले. "लाव कुंकू. आधी तिला."

वाशीला त्यांनी ते नाणं तसंच मांडलं. जाणकार लोक चुकचुकले. एकानं हे कुणी घासलं म्हणून विचारलं. काका ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मालकिणीनं." मला त्या दिवशी काकांचा फार अभिमान वाटला.

काका गेले. वर्षभर त्यांच्या घरी सण नव्हता. यंदा लक्ष्मीपूजनाला मी गेलो, तर ताटातली भांडी, पैंजण, करंडा सगळं आरशासारखं, आणि मध्ये ते नाणं तेवढं काळवंडलेलं. घासायचं राहिलं असेल म्हणून मी काकूंना दाखवायला गेलो.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी त्याला हात लावत नाय आता. होवदे परत कालं. त्यांना तसंच पायजे होतं."