माझ्या हसण्याची मोटर

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने कोंबडी आणि लिफ्टचा जोक सांगितला, तेव्हा मी ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली. कॉल बंद होता होता तिने आईला विचारलेलं मला ऐकू आलं, "आजीला आमचे जोक आवडत नाहीत का?" याचं उत्तर घाईघाईत देण्यासारखं नाही, म्हणून नीट लिहून पाठवते आहे. जोक उत्तम होता. कॉल संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर हसले. नळ कशाला सोडला, ते आता सांगते.

माझं माहेर गिरगावचं आणि सासर लालबागचं. लग्नानंतर चाळीतल्या घरात सत्यनारायण झाला. भटजी जेवून उठले आणि त्यांच्या धोतराच्या टोकाला चिकटलेलं उष्टं केळीचं पान शेपटीसारखं त्यांच्या मागे निघालं. ते सगळ्यांना आशीर्वाद देत, शेपटीसकट, दारापर्यंत गेले. मी नवी नवरी होते, डोक्यावर पदर होता, पण हसू आवरलं नाही. माहेरी हसायचे तशीच मोकळी हसले. त्यावर माझी नणंद, तेव्हा कॉलेजात जाणारी मुलगी, म्हणाली, "अरे, कोणीतरी मोटर बंद करा. टाकीतलं पाणी संपलंय."

चाळीच्या तळाशी पाण्याचा पंप होता. खालची टाकी रिकामी झाली की तो नुसती हवा ओढायचा आणि आधी घरघरायचा, मग किंचाळायचा, मग पुन्हा घरघरायचा. सगळी पंगत हसली. सासूबाईंनी तर डोळे पुसले. उपमा अगदी तंतोतंत होती, हीच पंचाईत होती. नणंदेला वाईट बोलायचं नव्हतं, तिला फक्त सुचलं होतं. पण त्या दिवशी मी तोंड मिटलं ते मिटलंच.

मग मी व्यवस्था लावली. तुम्हाला माहीतच आहे, मला प्रत्येक गोष्टीची व्यवस्था लागते. घरात कोणी काही गमतीचं बोललं की मी स्वयंपाकघरात जायचे, नळ सोडायचे, हसायचे, एखादं पातेलं विसळायचे आणि गंभीर चेहऱ्याने परत यायचे. पातेली फार लख्ख असायची आमची. शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. तिथे नळ लांब, म्हणून गालाच्या आतून दात रोवून धरायचे. त्यामुळे चेहरा असा काही दिसायचा की मुख्याध्यापिकांनी मला शिस्तीचं काम दिलं आणि निवृत्त होईपर्यंत ते माझ्याकडेच राहिलं. मुलं मला बघून शर्ट खोचायची. मी बिचारी आतल्या आत हसत असायचे.

तुमचे आजोबा सुरुवातीला ऑफिसातून रोज काहीतरी किस्सा घेऊन यायचे. मी ऐकायचे आणि उठून आत जायचे. हळूहळू त्यांनी किस्से आणणं सोडलं. नळाचं काय आहे ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. हे एवढं एकच मला हसत लिहिता येत नाही, म्हणून पुढे जाते.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी श्वासासाठी हास्यक्लबात जायला सांगितलं. दादरला आमच्या घराजवळच्या बागेत सकाळी भरतो. सगळे गोल उभे राहतात आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हुकूम सोडतात, त्याप्रमाणे हसायचं. सिंहासारखं हसा, ताक घुसळत हसा. मी मागच्या रांगेत उभी राहून हात हलवायचे. मग आलं मौन हास्य. यात ओठ मिटून, आवाज न करता, पोट हलवायचं. बाकीच्यांचं फस्सकन फुटायचं. माझं कशाला फुटेल? ते गृहस्थ थक्क झाले. मला पुढे बोलावून म्हणाले, "बघा, याला म्हणतात साधना." तेव्हापासून मी मौन हास्याची प्रमुख झाले. नवीन आलेल्यांना मीच शिकवायचे.

तुमच्या त्या कॉलच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, माझी तीच नणंद अँटॉप हिलहून चार दिवस राहायला आली, तिच्या घराला रंग लावताहेत म्हणून. मंगळवारी माझ्याबरोबर बागेत आली. तिने माझं प्रात्यक्षिक पाहिलं आणि नंतर बाकावर बसल्यावर म्हणाली, "वहिनी, हे काय गं? लग्नात केवढ्याने हसली होतीस तू."

मी म्हटलं, "वन्सं, तुम्हीच मोटर बंद करायला सांगितलीत."

आणि सत्यनारायणापासून सगळं सांगितलं. तिला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. शपथ घेऊन सांगत होती. मग आपल्या बुटांकडे बघायला लागली. ती बारा महिने मोजे आणि बूट घालते, मे महिन्यातसुद्धा. आम्ही समजायचो, हिला वाताचा त्रास आहे.

"दादा मला काय बोलला होता ते मात्र आठवतंय," ती म्हणाली. "शाळेत असताना नव्या चपला घातल्या, तर म्हणतो, चपलेत आल्याचा गड्डा कोणी ठेवला?"

दादा म्हणजे तुमचे आजोबा.

आणि मला तिचं लग्न आठवलं. जोडवी घालायच्या वेळी तिने हट्ट धरून पायांपुढे टॉवेल धरायला लावला होता, अंतरपाटासारखा. भटजी चकित झाले होते. तो टॉवेल मीच धरला होता. मला वाटलं होतं, मुलगी लाजाळू आहे.

आता तिच्या दुःखावर हसणं योग्य नव्हतं, पण जवळपास नळही नव्हता. सुटलंच. आधी घरघर, मग किंचाळी, मग पुन्हा घरघर. कबुतरं उडाली. हास्यक्लबाचे गृहस्थ मला दम लागला समजून पाण्याची बाटली घेऊन धावत आले. नणंद आधी चपापली. मग म्हणाली, "अगं बाई, मोट..." आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. हात काढून हळूच म्हणाली, "राहू दे. चालू राहू दे."

मग तिने बूट काढले, मोजे काढले आणि पाय सरळ माझ्यापुढे धरले. आजोबांची उपमाही तंतोतंत होती, पण ती तिथेच राहू दे. मी म्हटलं, "वन्सं, नखं कापायला हवीत." बुधवारी आम्ही दादरच्या बाजारात जाऊन तिला उघड्या चपला घेतल्या. दुकानातून ती त्या घालूनच निघाली, पण कोणी समोरून आलं की पाय साडीत ओढायची. लगेच कसं जाईल?

मौन हास्याचं प्रमुखपद माझ्याकडून काढून घेतलं आहे. आता माझंच पहिलं फुटतं.

तेव्हा या रविवारी धाकटीने कोंबडीचा जोक पुन्हा सांगावा. आवाज आला तर फोन बिघडला असं समजू नका. नंतर मी तुम्हाला आजोबांचा एक किस्सा सांगणार आहे, त्यांच्या साहेबाच्या केसांच्या टोपाचा. तो मी एकदाच ऐकला आणि उठून आत गेले होते. सांगताना मध्येच मला हसू आलं तर जरा थांबा. तो पुरा व्हायला हवा.