बार्शीचा निबंध

दुपारचे जेवण उरकून शिपाई भिकाजी तुपे विभागाच्या कागदखोलीतील लोखंडी खुर्चीवर मान टेकतात. पापण्या जड होतात, परंतु मन काही केल्या स्वस्थ बसत नाही. आजच सकाळी नव्या डॉक्टर तन्वी देसाई यांनी जुनी यादी पुढे धरून विचारले होते, की यातला हा एकच शोधनिबंध बार्शीच्या रुग्णालयाच्या वाचनालयात खरोखरच नव्हता का? आणि तुप्यांनी नऊ वर्षांपूर्वीचेच उत्तर दिले होते: नव्हता.

पंखा थांबतो. समोर बर्वेबाई उभ्या असतात.

बाई वारल्या त्याला दोन वर्षे झाली. जगभरचे औषधांचे प्रयोग जमवायचे, त्यांची पारख करायची आणि सर्वांचा मिळून एक निवाडा द्यायचा, यात त्यांची या विभागातली सारी वर्षे गेली. त्यांच्याच निवाड्याने तान्ह्या मुलांच्या खोकल्याचे एक औषध गावोगाव पोचले; सकाळची यादी त्याच निवाड्याची.

"उठू नका, तुपे," बाई म्हणतात. "तुम्ही कधी उठून कुठे गेलात?"

खुर्ची एस.टी.च्या बाकासारखी हादरू लागते. खिडकीबाहेर कुर्डुवाडी येते. मंडप, साडूच्या नातवाचे जावळ, चुलीवर रटरटणारे मटण. तुपे काकुळतीने सांगतात, की एकाच दिवसापुरते उतरलो होतो, पुढे पाय निघाला नाही. बाई ताट पुढे सरकवतात. ताटात पिवळा पडलेला कागद वाढलेला असतो.

"वाचा."

"मला इंग्रजी येत नाही, बाई."

"म्हणूनच तुम्हाला नुसतं आणायला पाठवलं होतं."

हा घाव वर्मी बसतो. तुप्यांचाही तोल सुटतो. बावीस वर्षे गठ्ठे वाहिले, पण आभाराच्या ओळीत शिपायाचे नाव कधी आले नाही, हेही ते ऐकवतात.

"आणि तुम्ही तरी कुठं गेलात, बाई? माझ्या एका शब्दावर 'उपलब्ध नाही' लिहून मोकळ्या झालात."

बाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा होतो. मंडपाच्या जागी आता बालकांचा कक्ष आहे. ओळीने पाळणे, आणि एकही हलत नाही.

"झाले मोकळी," त्या म्हणतात. "त्यात काय लिहिलं होतं ते मला अजून ठाऊक नाही. काहीच नसेल. किंवा या मुलांचा श्वास असेल. बार्शीचं कपाट तुमच्या पाठीमागे आहे. घाला हात."

तुपे हात घालतात, आणि जागे होतात.

खोली तीच, पंखा फिरतो आहे. सकाळी त्यांनीच ओल्या फडक्याने पुसलेली प्लास्टिकची खोकी लखलखत आहेत. उजव्या हाताची पाचही बोटे मात्र जुन्या कागदाच्या करड्या धुळीने माखलेली.

ते हात धूत नाहीत. तसेच देसाई मॅडमच्या टेबलापाशी जाऊन यादीवर बोट ठेवतात. 'उपलब्ध नाही' या शब्दांवर करडा ठसा उमटतो.

"मॅडम, मी बार्शीला गेलोच नव्हतो. उद्या पहाटेच्या गाडीनं जातो."

तन्वी देसाई त्या ठशाकडे पाहतात. मान वर न करताच विचारतात,

"आजची गाडी किती वाजता आहे?"