चौकटच्या राणीचं फाटलेलं पान

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; पण पार्से गावातली एक किरकोळ चोरी अजून मनाला टोचते. गोव्यात पेडणे तालुक्यात माझी नेमणूक होती तेव्हाची ही गोष्ट.

सोमवारी सकाळी एक निवृत्त पोस्टमास्तर तक्रार घेऊन आले. त्यांना जुन्या सचित्र जाहिरातपुस्तिका जमवायचा नाद. चोरीला गेली होती ती तळहाताएवढी, एका बंद पडलेल्या चहा कंपनीची. आत पत्त्यांच्या खेळांचे नियम, आणि चित्रांत राजा-राणी चहा पिताना. अशी प्रत आता कुठेच मिळत नाही, म्हणाले.

"कोणावर संशय?"

"घरात रंगकाम चाललंय. त्या रंगाऱ्याशिवाय परका कोण आलाच नाही."

रंगारी सावंतवाडीकडचा, पन्नाशीचा. त्याला भर वाड्यातून, साऱ्या वस्तीसमोर, हाताचा चुना धुऊ न देता, जीपमध्ये बसवून आणलं. झडतीत काही सापडलं नाही. त्याचं एकच पालुपद, "सायबानू, मी भिंती रंगवलंय. कपाटाक हात पण लावूक नाय." पोस्टमास्तर म्हणाले, "दोन लगावा, बोलेल." हात उगारला नाही, पण माझाही संशय त्याच्यावरच होता. दिवसभर बाकावर बसवून ठेवला.

दुपारी स्टेशनच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता एकजण म्हणाला, "शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तो रंगारी पत्त्यांची पुस्तिका विकत होता. चौकटच्या राणीचं पान फाटलेलं." हवालदाराने डायरीत शब्दन् शब्द उतरवला.

मी पोस्टमास्तरांना विचारलं, "पान फाटलेलं होतं?"

"छे! गुरुवारी संध्याकाळी दोस्ताला दाखवली तेव्हा धड होती."

"आणि शुक्रवारी रंगारी कुठे होता?"

"माझ्याकडेच. दिवसभर शिडीवर. चहासुद्धा वरच दिला."

मग तो बाजारात कसा असेल? फोनचा नंबर काढला. तो डिचोलीतल्या एका कापड दुकानाचा निघाला. दुकानदार म्हणजे गुरुवारी आलेला तोच दोस्त. त्यालाही असल्याच पुस्तिकांचा नाद.

चौकशीत आधी तो हसला. मी इतकंच विचारलं, "पान फाटलंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तो स्वतःच उठून कापडाच्या ताग्यांमागून पुस्तिका काढून दिली. गुरुवारी पोस्टमास्तर आत गेले तेवढ्यात प्लास्टिकमधून घाईत ओढताना पान फाटलं होतं. पंचांसमक्ष जप्त केली.

"चाळीस वर्षांची दोस्ती, सायबा. पण एकदासुद्धा हातात दिली नाही. लांबूनच दाखवायचा."

"आणि रंगाऱ्याचं नाव का घेतलंत?"

"परका माणूस. त्याच्या बाजूने कोण बोलणार, असं वाटलं."

पोस्टमास्तरांना कळवलं तर हात जोडून म्हणाले, "दोस्त आहे हो, मिटवून टाका." मी गुन्हा नोंदवला.

संध्याकाळी रंगाऱ्याला म्हटलं, "जा, तू सुटलास." तो जागचा हलला नाही.

"माका जीपीत घालून नेलात, ता सगळ्या वाड्यान बघल्यान. सोडलात, ता कोण बघतलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जीपमध्ये पुढे बसवलं, पार्सेत नेलं आणि वाड्यातल्या लोकांना बोलावून सांगितलं की या माणसाने काही केलेलं नाही, चूक आमची झाली. पोस्टमास्तर दारात उभे होते. रंगाऱ्याने आपले ब्रश गोळा केले आणि अर्धवट रंगलेली भिंत तशीच टाकून तो निघून गेला.

जप्तीला आम्ही पंच बोलावतो. निर्दोष माणसाला सोडताना मात्र कोणाला बोलावत नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, ज्याला चारचौघांतून उचललं आणि तो निर्दोष ठरला, त्याला मी स्वतः चारचौघांत नेऊन सोडलं.