फियॉर्डवरची हाक

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे हॅलिफॅक्सला आल्या, त्या जवळजवळ मुक्याच होऊन. वाढलं तर जेवायच्या, विचारलं तर हो-नाही म्हणायच्या, बाकी दिवसभर खिडकीशी. नवरा म्हणाला, "आईला हवापालट हवा. न्यूफाउंडलंडला जाऊ, फियॉर्ड बघू." मी म्हटलं, "अरे, गुडघे दुखणारी बाई ती, तिला डोंगरदऱ्यांत कशाला फरफटवतोस?" पण याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते निघत नाही. गाडीत थर्मास, दशम्या, गोळ्यांचा डबा भरला आणि निघालो. आधी गाडी, मग फेरीबोट, मग पुन्हा गाडी.

फियॉर्ड फोटोत पाहिला होता, तेव्हा छान वाटला होता. प्रत्यक्षात बोटीतून बघितला तर दोन्ही बाजूंना सरळसोट काळे कडे आणि मधे डोंगराच्या पोटात लांबवर शिरलेलं पाणी. बोटीतली माणसं फोटो काढण्यात दंग होती. मला ते पाणी अजिबात आवडलं नाही. इतकं मोठं पाणी आणि त्याला आवाज नाही, हे काही बरं नव्हे. सासूबाई मात्र कठड्याला धरून एकटक बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "ह्यांना दाखवायचं राहिलं." आमच्याकडे आल्यापासून स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य. नवऱ्याने तोंड फिरवलं आणि उगीच कॅमेरा पुसत बसला.

बोट काठाला लागली तेव्हा ऊन कलत आलं होतं. नवऱ्याला वरच्या टेकाडावरून एक फोटो हवा होता. "तुम्ही दोघी खालच्या सपाट ट्रेलने पार्किंगकडे चालायला लागा, मी गाठतोच," असं सांगून तो ट्रायपॉड घेऊन पसार झाला. आम्ही निघालो. वाटेत बाक दिसला तशी मी चहा ओतायला थांबले, सासूबाई जरा पुढे होत्या. कपात चहा ओतून वर बघते तर पुढे वाटच नव्हती. पाण्यावरून धुकं आलं होतं आणि सगळं गिळून बसलं होतं. सासूबाईही नव्हत्या.

"आई!" मी हाक मारली. समोरच्या कड्याने ती परत केली, मग दुसऱ्या कड्याने, मग कुठून तरी वरून. "अहो आई!" पुन्हा तेच. तीन ठिकाणांहून माझाच आवाज येत होता, आणि त्यातला एकही माझ्यासारखा वाटत नव्हता. सासूबाईंचा आवाज मात्र नाही. फोनला नेटवर्क नाही. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खुजी, वाऱ्याने वाकलेली झाडं आणि त्यामागे चिखलाची दलदल. सकाळी पाटीवर मूसपासून, म्हणजे घोड्याएवढ्या त्या हरणांपासून, सावध राहा असं वाचलं होतं, तेही नेमकं तेव्हाच आठवलं. गार वारा सुटला होता आणि त्यांच्या अंगावर नुसता स्वेटर. पाय घसरून पाण्यात गेल्या असतील तर? या पाण्याने तर आवाजही केला नसता. नवऱ्याला काय सांगणार, चहा ओतत होते म्हणून?

मी हाका मारत पुढे गेले, मागे आले. ओ नाही. शेवटी माझा ताबा सुटला. मी नागपूरची, घाबरले की रडत नाही, भांडते. "बास झालं हं आई! संध्याकाळची गोळी राहिली आहे, चहाचं पाणी झालंय, आणि तुमचा लेक टेकाडावर बसून ढगांचे फोटो काढतोय! बोलायचं नसेल तर नका बोलू, पण कुठे तडमडलात ते तरी सांगा!"

"ओ," अगदी जवळून आवाज आला. "इथे आहे गो. सासूशी बोलतेस की भाजीवालीशी?"

वाटेपासून चार हातांवर, झाडांच्या आडोशाला एका दगडावर त्या बसल्या होत्या. मी मटकन खाली बसले आणि त्यांचे हात हातात घेतले. बर्फ झाले होते. "मी घसा फोडून हाका मारतेय, ऐकू नाही आल्या?"

"आल्या की. सगळ्या आल्या."

"मग?"

त्यांच्या कोकणातल्या गावात तिन्हीसांजेला एकाएकी हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. आधी हाक माणसाचीच आहे याची खात्री करायची, नाहीतर ओ देणाऱ्याला ते सोबत घेऊन जातं. "माणूस एका जागेवरून हाक मारतो," त्या म्हणाल्या. "ही पाण्यावरून येत होती, वरून येत होती, पाठीमागून येत होती. मी ओ कशी देऊ? मग तू भांडायला लागलीस. ते काही असं भांडत नाही."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. आमच्या नागपूरच्या उन्हात भूतसुद्धा घराबाहेर पडत नाही, मला कुठून ठाऊक असणार हे? पण ढीगभर सरकारी कागदांवर सह्या करून कॅनडात आलेली ही बाई भुताच्या भीतीने गारठून मेली असती, या विचाराने मला पुन्हा राग आला. म्हटलं, "पण मुळात वाट सोडलीत कशाला?"

त्यांनी माझ्या हातांतून आपले हात सोडवून घेतले. "तुझ्या आधी एक हाक आली," मग म्हणाल्या. "एकदाच. 'अगो' म्हणून. ती मात्र एकाच जागेवरून आली. बघायला गेले, तर धुकं."

मला 'अगो' म्हणणारं घरात कुणी नाही. त्यांना म्हणणारं एकच माणूस होतं.

"ओ दिलीत?" मी विचारलं.

"नाही दिली. तुम्ही दोघं कुठे शोधत बसला असता? परक्या मुलखात." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पण पुढच्या वेळी देणार. आधीच सांगून ठेवते."

मी त्यांना माझं जॅकेट घातलं आणि दंड घट्ट धरून पार्किंगपर्यंत आणलं. पाठोपाठ नवरा आला, म्हणाला, धुक्याने फोटोची वाट लावली. आम्ही दोघींनी माना डोलावल्या.

त्या दिवसापासून सासूबाई बोलायला लागल्या. फोनवर बहिणींशी, शेजारच्या पंजाबी बाईंशी मोडक्या हिंदीत, माझ्या भाजीतल्या मिठाबद्दल. नवरा सगळ्यांना सांगतो, बघा, हवापालट कामी आला.

परवा दुपारी तो ऑफिसला होता आणि मी किचनमध्ये कणीक मळत होते. बेसमेंटमधून सासूबाईंची ओ आली. अगदी स्पष्ट, लगबगीची. मी हाक मारली नव्हती. भरल्या हातांनी मी जिना उतरत धावले, तोंडाला येईल ते बोलत, ड्रायर अजून का बंद केला नाही, गुडघा दुखत असताना खाली कशाला कडमडलात. त्या टॉवेलची घडी घालत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती गो ओरडतेस."

ओ कुणाला दिलीत, हे मी विचारलं नाही. राहिलेल्या टॉवेलांच्या घड्या होईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून भांडत राहिले.