काकूने घासलेल्या काचा
“मासोळ्याइचे गुर्दे होते म्हणे त्याच्यावर. मी घासून टाकल्या,” काकू स्वयंपाकघरात आईला सांगत होती. पांढुर्ण्याच्या आमच्या घरी घट बसले होते. मी धावत गेले, तर ताटाळ्यात चमच्यांशेजारी माझ्या स्लाइड्स लख्ख निथळत होत्या. खाडीतल्या आणि खोल समुद्रातल्या माशांच्या मूत्रपिंडाचे ते पातळ काप मी नागपूरच्या कॉलेजात वर्षभर करत होते. खाडीतल्या माशात रक्त गाळणारे बारीक रक्तवाहिन्यांचे गोल पुंजके भरपूर होते, खोल पाण्यातल्या माशात जवळजवळ नव्हतेच, आणि हाच फरक सोमवारी मॅडमना दाखवायचा होता. वर चिकटवलेल्या काचेखालचा डिंक वाळावा म्हणून त्या माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवल्या होत्या. “मासोळीले मुतखडा झाल्ता का वं, एवढं पाहाले?” काकू हसली. आई म्हणाली, “जाऊ दे, सणासुदीचं तोंड पाडून नोको बसू.” मला आधी विचारावं असं काकूला वाटलं नव्हतं, आणि आईलाही त्यात काही चुकलं असं वाटत नव्हतं. मोठ्यांसमोर मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाले, “काकू, यापुढे माझ्या खोलीत पाय ठेवायचा नाही.”