परवाकाकांचा अंगठा

मुरबाडच्या आमच्या काकांना तोंडावर सगळे वैद्यबुवा म्हणत आणि पाठीमागे परवाकाका. गळू घेऊन कोणीही आलं, की ते उजव्या हाताचा अंगठा गळवाच्या कडेला टेकवत, डोळे मिटत आणि म्हणत, "परवा ये." माणूस कळवळत असो, त्याची आई पायरीवर बसून रडत असो, परवा म्हणजे परवा.

त्यामागे शास्त्र होतं आणि ते शास्त्र ऐकल्याशिवाय कोणाची सुटका नव्हती. "कच्चं कापलं तर नुसतं रक्त जातं आणि सूज पसरते. पिकलेलं तसंच ठेवलं तर पू आत आत शिरतो. मधला दिवस एकच, तो मला कळतो." दाबल्यावर पडलेला खड्डा चटकन भरून आला, कातडीला बारीक सुरकुती पडली, ठणका आपोआप उतरला, की काका पातं उकळायला सांगत. पुढचं सगळं काकूकडे. चीर द्यायची, कडुनिंबाच्या काढ्याने जखम धुवायची, वाटलेले तीळ मधातुपात कालवून त्यात वात भिजवायची, ती आत भरायची आणि रोज बदलायची. अंगठा मात्र काकांचा.

तोच अंगठा घरातल्या आंब्यांवरही राज्य करी. माजघरामागच्या खोलीत पेंढ्यात आंब्यांची अढी लागली, की तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मी शहापूरच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो आणि सगळं कळतं अशा वयात होतो. एकदा मी अढीतला एक आंबा दाबून पिकल्याचा निकाल दिला. काकांनी तो कापून माझ्यापुढे ठेवला. इतका आंबट होता की माझे डोळे मिटले. "मास्तर, तुम्ही पोरांच्या वह्या तपासा," काका म्हणाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतल्या एका वैशाखात शेणवे गावचा एक गाडीवान माझ्याकडे निरोप घेऊन आला. "वैद्यबुवांच्या पाठीला गळू झालाय. काकूंनी तुमाला बोलावलाय. आता ते कोनाला परवा सांगतील?" मी हसलो. मुरबाडला पोचेपर्यंत मधूनमधून हसतच होतो.

काका ओटीवर पालथे पडले होते. दोन्ही खांद्यांच्या मधोमध वाटीएवढी लाल सूज आणि अंगात फणफणून ताप. तिथे त्यांचा अंगठा पोचत नव्हता. वरून हात टाकून पाहिला होता, खालून वळवून पाहिला होता. आयुष्यभर दुसऱ्या कोणाच्या अंगठ्यावर विश्वास ठेवला नव्हता, त्यामुळे आता विचारायचं कोणाला?

"कापा," ते म्हणत होते. "आजच कापा."

काकूचा भाऊ, भाऊमामा, घाबरून गेला होता. काळपुळी निघाली तर माणूस हातचा जाईल, पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या ग्यासवर चालणारी मोटार जागची हलली तर संध्याकाळपर्यंत कल्याणच्या डॉक्टरांकडे पोचू, असं तो मला समजावत होता. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आली, काकांच्या शेजारी बसली आणि तिने आपला अंगठा सुजेच्या कडेला टेकवला. डोळे मिटले.

"परवा," ती म्हणाली.

काकांनी मान वळवायचा प्रयत्न केला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"अढीतले आंबे इतकी वर्षं कोण बघतंय? तुम्ही दुपारी झोपता तेव्हा."

काकांनी तोंड उशीत घातलं.

त्यानंतरचे दोन दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. काकू जवसाची गरम पोटिसं बांधत होती, काढत होती, पुन्हा बांधत होती. ताप चढला की काका बरळत. समोर नसलेल्या रोग्यांना परवा या म्हणत आणि शुद्धीवर आले की काकूला कापायची विनवणी करत. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा दाबून पाहिलं आणि नुसती मान हलवली.  मग नवं पोटीस बांधायला घेतलं.

"ताई, काही कमीजास्त झालं तर लोक तुला बोलतील," भाऊमामा म्हणाला.

"लोक विसरतील रे. मागे राहायचंय मला."

तिसऱ्या दिवशी सकाळी काका एकाएकी गप्प झाले. कण्हणं थांबलं, डोळे मिटले. भाऊमामाने माझ्याकडे पाहिलं आणि चप्पल न घालताच मोटार थांबवायला धावला. मी काकांच्या नाकाशी हात धरून उभा. श्वास होता. काकूने पोटीस सोडलं, अंगठा दाबला, उचलला. खड्डा भरून वर आला. कातडीला सुरकुती होती.

"ठणका उतरलाय, म्हणून झोप लागली," ती म्हणाली. "पातं उकळ."

पातं मी उकळलं. घंगाळ मीच धरलं होतं. पातं आत गेलेलं मला दिसलं आणि पुवाची पहिली धार दिसली. पुढचं सगळं ऐकीव आहे. भाऊमामा मोटारवाल्याला घेऊन परत आला, तेव्हा ओटीवर दोन माणसं आडवी होती. त्याने माझ्याकडे धाव घेतली. काकूने मागे वळूनही पाहिलं नाही म्हणे. "तो श्वास घेतोय ना? मग पडू दे त्याला."

काका वाचले. जखम तळापासून भरून यायला अख्खा पावसाळा गेला. आभार वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण त्यानंतर रोगी आला, की ते अंगठा टेकवत, डोळे मिटत आणि आत हाक मारत, "अगं, जरा पाणी आण." काकू तांब्या आणी. तो खाली ठेवता ठेवता तिचाही अंगठा गळवाला लागून जाई. मग ती काकांकडे बघे आणि काका निकाल सांगत.

पुढे काही वर्षांनी काका न्यूमोनियाने गेले. तेरावा झाला, मी शहापूरला निघायच्या तयारीत होतो, आणि रानातल्या वाडीवरची एक बाई लेकीला घेऊन दारात आली. पोरीचा तळहात सुजून टम्म झाला होता. वैद्यबुवा गेल्याचं बाईला पायरीवरच कळलं. ती तशीच उभी राहिली. काकू बाहेर आली. तिने पोरीचा हात मांडीवर घेतला, अंगठा टेकवला, डोळे मिटले.

बाई सवयीने पोरीला उठवायला लागली. "मंग परवा येतो आमी."

"बस," काकू म्हणाली. "आजच."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पातं उकळून आणलं, घंगाळ आणलं आणि ते धरायच्या आधी भिंतीला पाठ टेकून जमिनीवर मांडी घालून बसलो.