यू-टर्न न घेता ठाण्याला

कल्याण-शीळ रस्त्यावर घर घेताना बिल्डरच्या माणसाने आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं, "ठाणे? वीस मिनिटं!" तो गाडीने म्हणत होता, आणि तेही बहुधा पहाटे चार वाजता. पण एवढं सोडलं तर आमचं संकुल झकास आहे. बाग आहे, तळं आहे, तळ्यात बदकं आहेत. फक्त बाहेर कुठेही जायचं म्हटलं की आधी किल्ली शोधावी लागते. झेरॉक्सला गाडी, दाढदुखीला गाडी, भोंडल्याला गाडी. माझी मुलगी ऋचा पहिलीत गेली तेव्हापासून बारावी होईपर्यंत तिची शाळा, क्लास, चित्रकलेच्या परीक्षा सगळं मी माझ्या लाल गाडीतूनच पार पाडलं.

म्हणून तिला ठाण्याच्या एका चित्रकला महाविद्यालयात जागा मिळाली तेव्हा पेढ्यांच्या मागोमाग प्रश्न आला, की ही रोज जाणार कशी? मी घरून काम करते, नऊला लॅपटॉपसमोर हजर असावं लागतं. माझा नवरा महेश त्याची गाडी घेऊन अंबरनाथला जातो, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. लोकल पकडायची तर आधी डोंबिवली स्टेशन गाठा, आणि ते गाठण्यातच निम्मा जीव जातो. शेवटी महेशने जेवताना फर्मान काढलं.

"बुधवारी दोघी बस-रिक्षाने जाऊन या. साडेनऊच्या आत कॉलेजच्या दारात पोचलात तर फी भरू. नाही पोचलात तर गेटजवळच्या कॉलेजातलं बी.कॉम. काही वाईट नाही."

ऋचा म्हणाली, "डन." तिने ताटातली भेंडी तशीच ठेवली आणि उठली.

मी सुट्टी टाकली. खरं सांगते, तिला ते कॉलेज मिळावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ही सहल फसावी असंही थोडं वाटत होतं. बी.कॉम. झालं असतं तर क्लासला, इकडेतिकडे, मीच सोडत राहिले असते. गाडीतली ती अर्धी-पाऊण तासांची बडबड हाच आमचा दिवसातला एकत्र वेळ. तो आता जाणार होता.

बुधवारी सकाळी पाण्याच्या बाटल्या, टोप्या, दोन छत्र्या आणि मेथीचे ठेपले घेऊन आम्ही निघालो. आमचा थाट बघून कुणालाही वाटलं असतं की या बायका राजगड चढायला निघाल्यात. गेटबाहेर शेअर रिक्षांची रांगच लागली होती. संकुलात स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका त्यातून भराभर उतरत होत्या. त्यातल्याच एका रिक्षातून आमच्या स्वयंपाकाच्या संगीताताई उतरल्या आणि मला पायी बघून जागीच थबकल्या.

"ताई, गाडी बिघडली का हो?"

"नाही हो, ठाण्याला चाललोय. बसने."

"बसने?" त्यांनी आधी माझ्याकडे, मग ऋचाकडे बघितलं. "साहेबांशी भांडण झालं का?"

ऋचा इतकी हसली की तिला ठसका लागला.

गेटबाहेर पडून मी सवयीने डावीकडे वळले आणि रस्त्याच्या कडेला ऐटीत उभी राहिले. रिक्षा थांबत होत्या, पण शिळफाटा म्हटलं की प्रत्येक जण मान हलवून पुढे जात होता. कल्याणच्या बस येत होत्या, पनवेलची नाही, वाशीची नाही, ठाण्याची तर नाहीच. मी म्हटलं, "बघ, हे असंच असतं. आपल्या गाडीला पर्याय नाही." घड्याळ पळत होतं, ऊन चढत होतं, आणि मी मनातल्या मनात बी.कॉम.ची पुस्तकं कव्हर घालून ठेवत होते.

ऋचा बराच वेळ समोर बघत होती. मग म्हणाली, "आई, सगळ्या शिळफाट्याच्या रिक्षा त्या बाजूने चालल्यात."

"हो, पण आपण ठाण्याला जाताना डावीकडेच वळतो."

"आणि मग?"

"आणि मग पुढे जाऊन यू-टर्न..." असं म्हणता म्हणता मी पलीकडच्या रस्त्याकडे बघितलं.

दुभाजकामुळे गेटमधून निघालेली प्रत्येक गाडी आधी डावीकडे, कल्याणच्या दिशेने जाते, आणि पुढे वळून उलटी येते. बारा वर्षं मी तो वळसा घेतला होता. आता बसने जातानाही मी उलट्या दिशेला तोंड करून उभी होते, बस पुढे जाऊन माझ्यासाठी यू-टर्न घेईल अशा थाटात!

"अगं आई!" ऋचाने कपाळावर हात मारला. "तू ना, ग्रेट आहेस यार."

तुम्ही माझ्यासारखे गाडीवाले असाल तर पहिली सूचना हीच, रस्ता ओलांडा. मेट्रोच्या खांबांच्या मधे एक फट आहे, सगळे तिथूनच जातात. सांभाळून जा, कारण गाडीवाले तिथे कुणासाठी थांबत नाहीत. मी स्वतः कधी थांबले नव्हते.

पलीकडे मिनिटभरात रिक्षा मिळाली. संकुलात बायकांना सोडून रिकाम्या परतणाऱ्या रिक्षा सकाळी हात केला की थांबतात, माणशी वीस-तीस रुपयांत शिळफाट्याला सोडतात. फाट्यावर धूळ, ट्रक आणि हॉर्न यांचा रोजचा जलसा सुरू होता. तिथून ठाण्याची पालिकेची बस मिळाली, आणि चक्क खिडकीची जागा. बस सुटली आणि समोर टेम्पो आला तसा माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. कळव्यापर्यंत मी त्या बसचे ब्रेक लावत होते, ड्रायव्हरला त्याची काही कल्पना नव्हती.

आम्ही गाडीने नेहमी बायपासवरून जातो. त्यामुळे मुंब्रा मी इतकी वर्षं वरून बघितलं होतं, गच्च्या आणि पाण्याच्या टाक्यांचं. बस मात्र गावातून जाते. पावाच्या बेकऱ्या, शिवणयंत्रांची दुकानं, फळांच्या गाड्या, आणि या सगळ्यातून इंचाइंचाने सरकणारी आमची बस. कौशाच्या थांब्यावर कॉलेजच्या मुली चढल्या. एक जण ऋचाच्या सीटपाशी उभी राहिली. ऋचाने हात पुढे केला, तिची जडशीळ बॅग घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली. ती मुलगी "थँक्स यार" म्हणून दांड्याला धरून मोबाइल बघायला लागली.

मी हळूच विचारलं, "ओळखतेस तिला?"

"नाही. बसलेल्याने उभ्याची बॅग धरायची असते."

"तुला कुणी सांगितलं?"

"आई, सगळे धरतायत. बघ ना."

खरंच, सगळे धरत होते. पुढे रस्त्याच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी आली. ऋचाने त्या बॅगेवरच वही टेकवून समोर पेंगणाऱ्या आजोबांचा कान काढायला घेतला. बस हिसका देत होती, कान वाकडा येत होता, तरी ती खुशीत होती. आणि मी पहिल्यांदाच निवांत तिच्याकडे बघत होते. गाडीत ती बोलायची तेव्हा माझं लक्ष रस्त्यावर असायचं. चित्र काढताना ती खालचा ओठ दातांत धरते, हे मला त्या दिवशी कळलं.

कळव्याचा पूल ओलांडून कोर्ट नाक्याला उतरलो आणि तिथून झपाझप चालत कॉलेज गाठलं. दारात पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते.

ऋचा पायरीवर बसली. "पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "आई, त्याहून जास्त वेळ आपण उलट्या बाजूला उभ्या होतो." तिचा आवाज चिरकला. लहानपणी रडू आवरताना असाच व्हायचा.

मी म्हटलं, "चल, आधी खाऊन घेऊ."

खोपटच्या एसटी डेपोजवळ उसळपाव छान मिळतो, तिखट सांभाळून मागवा. ठेपले पिशवीतच राहिले. परतताना वेगळा रस्ता बघू म्हणून आम्ही मुरबाडला जाणारी एसटी घेतली, कल्याणला थांबणारी. बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे रिक्षापेक्षा स्वस्त. शेजारी कोलबाडच्या एक मावशी बसल्या होत्या. गळ्यात क्रूस, मांडीवर केळीच्या पानांत बांधलेलं भलंमोठं गाठोडं. बहिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, त्यासाठी घरचे वडे घेऊन निघाल्या होत्या.

"पोरगी काय शिकते?" त्यांनी मला विचारलं.

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

"माझं ठरलंय," ऋचा खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली. "त्यांचं ठरायचंय."

मावशींनी गाठोडं सोडून दोघींच्या हातावर एकेक वडा ठेवला. "मग ठरवा की लवकर. पोरगी किती दिस वाट बघंल?"

भिवंडी बायपासच्या खोळंब्यात ऋचाला झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. गाडीत मधे गिअर असतो, खांदा लागत नाही. कल्याणजवळचा दुर्गाडीचा पूल येईपर्यंत मी हललेसुद्धा नाही. मला फार बरं वाटत होतं आणि फार वाईटही.

कल्याणहून शीळ रस्त्याच्या बसने घरासमोर उतरलो, अर्थात पलीकडच्या बाजूला. आता मीच ऋचाचा हात धरून फटीतून रस्ता ओलांडला. गेटवर नव्या वॉचमनने अडवलं. "किसके यहाँ जाना है?" इथे राहणारं माणूस चालत येतं हे त्याने अजून पाहिलं नसावं. ऋचा म्हणाली, "घर जाना है, भैया."

रात्री जेवताना महेशने विचारलं, "मग? साडेनऊच्या आत?"

ऋचा ताटात बघत बसली होती. "पोचलो नाही" एवढं म्हटलं असतं तरी ते खरंच होतं आणि माझ्या लाल गाडीची नोकरी टिकली असती.

"उशीर झाला," मी म्हटलं. "पण तो माझा. मी उलट्या बाजूला उभी होते. ही एकटी असती तर केव्हाच पोचली असती."

"उलट्या बाजूला म्हणजे?" महेशने विचारलं, आणि मग सगळी कथा सांगावी लागली. तो पोट धरून हसला आणि हसता हसताच त्याने फी भरायला मोबाइल उचलला. ऋचाने ताटातली सगळी भेंडी संपवली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेटपर्यंत गेले, गाडीने. हसू नका, सवय जाता जात नाही. ती उतरली, फटीतून पलीकडे गेली. मधे दुभाजक, त्यामुळे मला तिच्यापाशी जायचं तर पुढे जाऊन वळूनच यावं लागणार होतं. मी गेले, वळले, परत आले. तोवर तिला रिक्षा मिळालेली होती.

आता संध्याकाळी ती आली की ओट्याशी माझ्या समोर बसून सांगते, बसमध्ये कोण होतं, कुणाचा कान काढला, कुणाची बॅग धरली. मी भाजी बाजूला ठेवते आणि तिच्याकडे बघत ऐकते.